उपसाबंदी

शाहूपुरीत, टायरवाल्याच्या वर आमचं ऑफिस.
मागच्या खोलीत पूर्वी गुळाच्या ढेपा रचायचे,
तिथं आता एकच सर्व्हर.
भिंतीला अजून मुंग्या लागतात.

एका यंत्रात सात बिऱ्हाडं.
सहाशे गावांचा दूध संघ,
हुपरीच्या आदगोंडांचं चांदीचं दुकान,
फाउंड्री, पतसंस्था,
दोन शाळा (एकीनं वर्षभर भाडं दिलेलं नाही)
आणि रक्तपेढी, जिचा सगळा पसारा
दूध संघाच्या एका कोपऱ्यात मावेल.

दर दहा दिवसांनी दुधाचं बिल निघतं.
त्या रात्री फॅट, म्हैस, गाय, कपात, पेंडीची उधारी,
लाखभर खात्यांची बेरीज एकदम उठते
आणि पंगतीत आणखी कोण बसलंय ते न बघता जेवते.
मी बोलले होते खाडेसाहेबांशी.
ते म्हणाले, मॅडम, सगळ्यात जास्त पैसे कोण भरतं?
खरंच होतं. मी गप्प बसले.

एकवीस तारीख, रात्री पावणेबारा.
रक्तपेढीतून नजमा बागवान:
"ताई, नुसतं चक्र फिरतंय.
ओ निगेटिव्ह हाय का न्हाई, एवढंच बघायचंय."
तिच्या मागं कुणी बाई बोलत होती, थांबतच नव्हती.
म्हटलं, फ्रीज उघड, हातानं बघ.
"बघतेच. तुम्ही फोन ठेवू नका."

खांद्यात फोन, मांडीवर लॅपटॉप,
आणि डोळ्यांसमोर भोगावतीचा बंधारा.
अण्णा पाटबंधारेत होते.
पावसाळा सरला की बरगे घालायचे,
पाणी पिऊन जड झालेले, एकावर एक.
उन्हाळ्यात उपसाबंदी लागली
की काठाकाठानं सायकल,
एकेका मोटारीचा फ्यूज काढून पिशवीत.
शिव्या खायचे. वरच्यांनी सगळी नदी ओढली
तर खालच्यांनी काय गोटे चाटायचे, म्हणायचे.
हँडलला ती पिशवी खुळखुळत यायची.

मी लिहीत गेले.
दूध संघ: मेमरी शंभरात चाळीस, त्यापुढं नाही.
प्रोसेसर सोळातले सहा.
पतसंस्था दहा. चांदी पाच, आदगोंडा रात्री झोपतात.
फाउंड्रीला रात्रपाळी असते, तिला बारा.
शाळांना तीन-तीन, थकबाकीवालीलासुद्धा.
रक्तपेढी: किमान दहा, राखून ठेवलेले,
वापरो न वापरो.

एंटर दाबलं.
आकडे जरासे सरकले, परत तिथंच.
"ताई?" नजमा म्हणाली.

मग यादी खालून वर वाचली.
सगळ्यात वर दूध संघ नव्हताच.
माझं नाव होतं.
माझा बॅकअप, एप्रिलमध्ये मीच लिहिलेला,
रोज साडेअकराला सातही घरांत शिरणारा,
सगळ्यांच्या भल्यासाठी,
आणि त्याच्यापुढं मर्यादेचा रकाना कोरा.

अण्णांच्या पिशवीत साऱ्या गावाचे फ्यूज असायचे.
तरी रात्री दोनला मळ्याकडनं घरघर ऐकू यायची.
मी आईला विचारलेलं एकदा.
झोप, गिरण असंल, म्हणाली.
आमच्या गावात गिरण नव्हती.

माझ्या नावापुढं लिहिलं: दोन.
पहाटे तीननंतर.

"आलं," नजमा म्हणाली. "दोन पिशव्या दाखवतंय.
मला हातानं एकच घावली होती,
थांबा, खालच्या कप्प्यात..."
आणि फोन कट झाला.

सकाळी खाडेसाहेब:
बिल चाळीस मिनिटं उशिरा निघालं, कुणी हात लावला?
मी म्हणाले, मी.
पुढचं काही ठरवलेलं नव्हतं.
खाली टायरवाल्यानं शटर वर ढकललं,
कॉम्प्रेसर धापा टाकत सुरू झाला
आणि दोघांनाही थोडा वेळ ऐकू येईना.

दुपारी वाटलं, अण्णांना फोन करावा.
त्या मोटारीचं विचारावं.
नंबर काढला.
नुसता जेवलास का म्हणून विचारलं.