चार तासं

सेलूच्या मोंढ्यात माझं काम पावती फाडण्याचं.
पावतीवर रकाने सात:
नाव, गाव, माल, पोती, वजन, ओल, भाव.
सत्तावीस वर्षांत
आठव्याची गरज पडली नाही.

केवळबाई काष्ट्यांची सहा पोती उतरली,
मागोमाग मुंजाजी डुकऱ्याची तेरा.
दोघांचा बांध एक,
रान तेच काळं, पेराही एकाच हप्त्यातला.
चाँदपाशानं बंबू मारला,
तळहातावर दाणे घेऊन फुंकर घातली,
एकेक दाताखाली फोडला.
दोन्हींचा आवाज तोच, कट्ट.
मशीनवर ओलही तीच. अकरा.

"माझी बिनऔषधाची हाय," केवळबाई म्हणाल्या.
"कागद हाय."
कागदाला लॅमिनेशन होतं.
अडत्यानं तो दोन्हीकडून पाहिला.
मागची बाजू कोरी होती,
तीच जास्त वेळ पाहिली.
"खरंय बाई. पण हे लिहू कुठं?"

त्या कागदाला तीन वर्षं लागली.
चिकटा पडला की मुंजाजी पाठीवर पंप चढवायचा
आणि केवळबाई रांजणात ताक आंबवायच्या.
पहिल्या साली चार पोती. दुसऱ्या साली चारच,
वर एक घमेलं.
त्या सालांतली ज्वारी
सुटली होती जुन्या नावातून
आणि नवं नाव लागलं नव्हतं,
नाव कमी केलेल्या, पण कुठंच न चढवलेल्या
रेशन कार्डावरच्या माणसासारखी.
तिला मी मोंढ्याचाच भाव लिहिला. दोनदा.

पुण्याहून एका ताईंचा फोन येतो त्यांना.
अर्ध्या किलोची पाकिटं, भाव इथल्या दुप्पट.
अट एकच, औषध नको.
आणि आणखी एक, सोंडा नको.
केवळबाईंनी तीन कडक उन्हं दाखवली,
राख लावली, पाखडली, निंबाचा पाला घातला.
साठ पाकिटं गेली, अकरा माघारी आली.
"सोंड्याला बराबर कळतं वो माझं पोतं कोणतं,"
त्या म्हणाल्या,
"त्याला कागद दाखवावा लागत नाई."
हसल्या. मग कुरिअरची पावती काढून
परत एकदा वाचली.

मुंजाजीला विचारलं तर तो चिडला नाही.
"तिचं खरं असंल.
पण माझ्या तेरा पोत्यांवर
तालुक्याच्या होस्टेलातली पोरं जेवतात.
सहात भागंल का?"
काट्यावर पुढचं पोतं चढलं होतं.
काटा वाजला, तेवढंच.

दिवे लागायच्या वेळी तो परत आला,
गाडीवर अर्धं पोतं आडवं टाकून.
आजूबाजूला पाहिलं, मग बोलला.
"ही बांधाकडची चार तासं.
वारं तिच्याकडं वाहतं,
म्हणून तिथवर गेलो की पंप बंद करतो.
दोन सालं झाली. तिला सांगितलं नाई.
कशाला, उगी उपकार वाटायचा.
तेरात मिसळावी वाटंना.
तिच्यात घालावी तर कागद नाई.
ह्याचा काय भाव लावता?"

मी पावती पुस्तक उघडलं.
नाव, गाव लिहिलं.
वजन एक्केचाळीस किलो. ओल अकरा.
मालाच्या रकान्यात लिहिलं ज्वारी,
पुढं कंस उघडला
आणि पेन तिथंच टेकून राहिलं,
शाई उतरत गेली.
चाँदपाशानं शटर निम्मं ओढलं.
मुंजाजी म्हणाला, "राहू द्या, उद्या बघू,"
आणि किक मारून गेला.

त्याला आता पंधरा दिवस होतील.
पोतं माझ्या टेबलाखाली आहे.
पावती फाडताना
अधूनमधून पाय लागतो.