तळमजला

शारजाला, अल नहदाच्या एका बावीस मजली इमारतीत
ऑगस्टच्या दुपारी वीज गेली
आणि डाव्या हाताची लिफ्ट अडकली.
मी पोचेपर्यंत चाळीस मिनिटं झाली होती.
आत एकच माणूस. हिशेबनीस. उन्हाळ्यातही टाय लावणारा.
आधी हाका, मग दारावर बुटाने,
मग नुसतं कण्हणं, कुणी विहिरीत पडल्यासारखं.

तिकोनी किल्ली फिरवली. दार सरकवलं.

लिफ्ट तळमजल्यावर होती.
फरशीपासून दोन बोटं वर. मोजून दोन.
वीज गेल्यावर बॅटरीने तिला सावकाश खाली आणलं
(त्याला वाटलं, पडतोय)
आणि दार उघडायच्या आत बॅटरीही संपली.
समोर चार पावलांवर वॉचमनची खुर्ची,
खुर्चीखाली पाण्याची बाटली, एक मांजर.
तो मात्र बाराव्या मजल्याला लटकलेला.
वॉचमन बाहेरून घसा फोडून सांगत होता,
साहेब, खालीच आहात!
ते त्याला धीर द्यायला म्हटलेलं खोटं वाटलं.
नखं तुटली होती. फोनवर बायकोला निरोप भरून ठेवलेला:
विम्याचे कागद कुठल्या कप्प्यात आहेत तो.
"हवा संपली होती," म्हणाला.
लिफ्टमध्ये हवा संपत नाही. फटी असतात, वर पंख्याचं भोक असतं.
चौदा वर्षं सांगतोय. एकालाही पटलेलं नाही.

रात्री खोलीत हे सांगितलं तेव्हा सगळे हसले.
हुसैन दळवी हसला नाही.

हुसैन बाणकोटचा. पोरपणी तरीवर कामाला होता.
मित्राच्या कर्जाला जामीन राहिला, मित्र विमानाने गेला,
आणि विमानतळाच्या कॉम्प्युटरात याच्या नावापुढे
एक रेघ पडली. सात वर्षं.
रोज संध्याकाळी तो चांदाची तारीख घेतो, पाऊणपट करतो:
"आज आठवा चांद. सहाला भरती."
आणि सहाला बनियनवर गच्चीत जाऊन उभा राहतो,
एक पाय पुढे, दोर पकडल्यासारखी मूठ.
एकदा हाक मारली, हुसैन, चहा.
म्हणाला, "थांब रे, माणसं उतरतायत."

फार मोठा अवलिया आहे असं समजू नका.
परवा बँकेचा मेसेज आला तेव्हा भिंतीवर डोकं आपटत होता.
मी मध्ये उशी धरली.

आणि माझं म्हणाल तर
माझा पासपोर्ट अकरा वर्षं कंपनीच्या कपाटात होता.
नवा मुदीर आला, त्याने सगळ्यांचे परत केले.
त्यालाही तीन वर्षं झाली.
माझा तांदळाच्या डब्यात आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.
कधी कधी मापट्याला लागतो.

घरून फोन आला की मी सांगतो, मुदीर सोडत नाही.
थोरल्याच्या लग्नात सांगितलं. नातीच्या बारशाला सांगितलं.
मुदीर बिचारा जॉर्डनचा, दर हिवाळ्यात म्हणतो,
"रूह, शिगवण, रूह बलद!"
जा रे बाबा, मुलखाला जाऊन ये.
मी मान हलवतो
आणि ग्रीसचा डबा घेऊन लिफ्टच्या खड्ड्यात उतरतो.
देवरुखला घर बांधून चार वर्षं झाली. फोटोत पाहिलंय.
तिथे दारात उभं राहून
चपला कुठे काढायच्या, असं मी विचारलं तर?

हिशेबनीस हल्ली जिन्याने चढतो, बारा मजले.
काल पाचव्यावर भेटला, घामाने निथळत. ओशाळून हसला.
मीही हसलो.

रजेच्या अर्जावर नाव लिहिलंय. नंबर लिहिलाय.
हुसैन ओरडला: अकरावा चांद, सव्वाआठ!
तारखेची चौकट कोरी आहे.
बोटांनी मोजून पाहिली.
दोन.