हातचे चार

शून्य ते पंधरा.
सोळा मांडायला त्या जुन्या कार्ट्रिजात जागाच नाही.
अख्खा हंगाम पळालेला माणूस
मला चार घरांत बसवावा लागतो,
आणि नाव सहा अक्षरांत.

सॉगिनॉत, तळघरात, वॉशिंग मशीनशेजारी
पावणेतीन वर्षं हेच चाललंय.
एकसष्ट सालची आठ गावांची लीग.
त्यातल्या तीन गावांत आता मैदानही नाही.
ग्रंथालयातल्या मायक्रोफिल्मवरून एकेक सामना उतरवला.
एस्कनाबाच्या पेपरात पाच तिनासारखा दिसतो,
म्हणून मार्केटचा पेपरही ताडून बघायचा.

ड्वेन ओस्टबी, एकेचाळीस बेस चोरले. पाय: चौदा.
त्याच्या पुतणीचं पत्र आलं,
पंधरा करता येतील का,
काका शेवटी शेवटी कुबडीवर होते.
मी लिहिलं, बाई, आकडा माझ्या हातात नसतो.
चौदाच ठेवले.

मग वॉयचिक, स्टॅनली. पिचर.
माझे वडील.
जिंकले तीन, हरले अकरा,
एकशे चार इनिंगांत सत्त्याण्णव जणांना
पहिला बेस फुकट वाटला.
नेम: दोन.
पुन्हा हिशेब केला. दोन.
वेग मात्र तेरा निघाला,
आणि तळघरात कुणी नसताना
माझी मान जरा ताठ झाली.

त्यांच्या नावापुढे आणखी एक रकाना आहे,
खेळात त्याला घर नाही:
चेंडू फलंदाजाला लागला, एकोणीस वेळा.
अठरा जण शिव्या घालत, दंड चोळत
पहिल्या बेसकडे गेले.
एकोणिसावा हारलन टिबेट्स, मार्केटचा.
तेवीस जुलै, रविवार, दुसरा सामना, उजेड उतरलेला.
पेपरात दीड ओळ.
गालाचं हाड आणि स्ट्रेचर, एवढंच.

तोवर त्याची सरासरी तीनशे बारा होती,
म्हणजे आमच्या हिशेबात तेरा.
ऑगस्टच्या मध्यावर तो परतला.
पुढे एकशे सत्त्याऐंशी. म्हणजे तीन.
सगळं मिळून भागलं की नऊ येतात.
नऊ बरोबर आहे, ताळा जमतो.
फक्त नवाचा टिबेट्स
एकाही दिवशी मैदानात उतरला नव्हता.

घरात हे नाव मी कधी ऐकलं नाही.
शेजारच्या रेडिओवर सामना लागला
की वडील गॅरेजात जायचे,
खिळे लांबीप्रमाणे लावत बसायचे.
लावून झाले की
पुन्हा सगळे एकाच डब्यात ओतायचे.
मला वाटायचं, फाउंड्रीतून आलेल्या माणसाला
शांतता लागते.

काल रात्री तेरा लिहिले.
ओस्टबीच्या पुतणीचं पत्र
ड्रॉवरात पालथं घातलं.
तेरातून नऊ गेले, हातचे चार.
कुठल्या रकान्यात मिळवायचे
ते अजून सुचलेलं नाही.

मग खेळ लावला.
दोन्ही कंट्रोलर माझ्याच मांडीवर.
वॉयचिक सहा अक्षरांत नेमका बसतो,
टिबेट्सचा स कापला जातो.
बोटाएवढा निळा माणूस हात मागे नेतो,
बोटाएवढा लाल माणूस बॅट हलवतो,
दोघांचे चेहरे मिळून सात ठिपके.

दोन नेमाचा पिचर, चेंडू कुठे जाईल नेम नाही.
तिसरा चेंडू आत आला, फारच आत,
मी बटणावरचा अंगठा उचलला.

या खेळात चेंडू अंगाला लागत नाही.
बनवणाऱ्यांनी तशी सोयच केलेली नाही.
तो लाल माणसाच्या डोक्यातून
आरपार गेला, पलीकडे निघाला,
कॅचरच्या हातात थांबला.
एक बारीक पीप वाजली: बॉल.

टिबेट् जागचा हलला नाही.
बॅट तशीच हलवत राहिला, वर खाली, वर खाली,
आणि वॉयचिक
चेंडू परत मिळायची वाट बघत उभा.