कसाचा दगड

शुक्रवारी शेवटच्या तासाला पुण्याहून फॉर्म आले,
लांबुळक्या पाकिटात,
चाळीस पोरांसाठी एक्केचाळीस.
वर ठळक अक्षरांत: उद्याच्या कामाच्या जगासाठी.
खाली चौकटी.
संवादकौशल्य. संगणक. नेतृत्व. संघभावना.
योग्य तिथे खूण करावी.
खाडाखोड करू नये.

लेंगऱ्यात मी एकोणीस वर्षं विज्ञान शिकवते.
नववी ब च्या खिडकीतून विट्याचा रस्ता दिसतो,
ज्या रस्त्यानं यांचे बाप गेले
सेलमला, कोइमतूरला, कटकला,
सोनं गाळायला.
दिवाळीला येतात, घरावर मजला चढवतात,
आणि खोकतात.

गेल्या वर्षी मी फळ्यावर आम्ल शिकवत होते.
मागच्या बाकावरून धैर्यशील हसबे म्हणाला,
मॅडम, त्याचा धूर भगवा असतोय,
पुस्तकात रंगच दिला न्हाई.
मी म्हटलं, खाली बस.
चाचणीत त्याला चाळीसपैकी अकरा.
नायट्रिक त्यानं ऱ्हस्व लिहायच्या जागी दीर्घ लिहिलं,
अर्धा गुण मी तिथंही कापला होता.

आता फॉर्मवर त्याचं नाव, आणि पुढं काय लिहू?
विचारलं, काय येतं रे तुला?
म्हणाला, काय न्हाई.
मग म्हणाला, कस लावता येतोय.

सोमवारी तो दप्तरातून दगड घेऊन आला,
काळा, साबणाच्या वडीएवढा,
आजोबांच्या हातानं गुळगुळीत झालेला.
पोरं बाकांवर चढली.
मी बोटातली अंगठी काढून दिली, लग्नातली,
बावीस कॅरेट, चोवीस वर्षांची.
त्यानं घासली. रेघ उमटली.
बाटलीतला एक थेंब.
तो वाकून बघत राहिला, उगाच जास्त वेळ.
बाकांवरून ओरडा: किती रे, किती?
हाय की चांगली, तो मोठ्यांदा म्हणाला.
आणि अंगठी हातात देताना
फक्त मला ऐकू येईल असं,
मॅडम, अठराच्या आतबाहेर हाय. घरी बोलू नगा लगेच.

संवादकौशल्य.
मी खूण केली. पेन जरा जोरातच दाबलं गेलं.

तहमीना मुलाणी मामाच्या दुकानात
जळालेल्या मोटारी भरते, तांब्याचे वेढे न मोजता मोजते.
आवडीच्या रकान्यात तिनं लिहिलं: मोटार.
मग खोडून: शिवण.
खाडाखोड करू नये, मी म्हणाले नाही.
नुसतं खोडलेलं परत लिहिलं, माझ्या अक्षरात.

वाचनालय रिकामं करून
आमच्याकडे कौशल्यकक्ष झालाय.
यंत्रं आलीत, प्लॅस्टिक काढलेलं नाही,
तपासणीला नवी दिसावीत म्हणून.
किल्ली हेडसरांकडं.
पुस्तकं जिन्याखाली.
मी किल्ली मागितली तर सर म्हणाले,
काही मोडलं तर?
मी म्हटलं, मग दुरुस्त करायला शिकतील.
सर हसले. किल्ली काही दिली नाही.

मला शाळेचं दुकान करायचं नाही.
दुकान त्यांना घरी आहेच,
चौदाव्या वर्षी मूस धरायला हात तयार आहेत.
मला एवढंच वाटतं,
की त्या भगव्या धुराला नाव आहे
हे त्याला कळावं,
आणि त्या नावाला रंग आहे
हे मला.

बुधवारी तासाला फळ्यावर लिहिलं: नायट्रोजन डायऑक्साइड.
धैर्यशीलनं उठून कंसाशिवाय पुढं जोडलं: भगवा, डोळ्याला झोंबतो.
विचारलं, छाती कशानं भरते?
कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत होतं.
मग तहमीना म्हणाली,
वरनं पंखा उलटा लावला तर ओढंल की तो.

उरलेला एक्केचाळिसावा फॉर्म.
पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर
त्यानं भट्टी काढली, नळकांडं काढलं,
तिनं मोटार, तारा, खटका.
नळकांडं वाकडं आलं. खोडलं. परत काढलं.
खोडून खोडून कागद एका जागी फाटला.

अंगठी मी अजून घालते.
घरी बोलले नाही.

पाकीट शनिवारी परत पाठवलं.
आत चाळीस.