डेसची तिसरी तार

डेस क्रॅग तार नुसती दाबायचा नाही, ओढायचा,
दाव्याला हिसडे देणाऱ्या खोंडागत.
हलच्या गोदीत बापाचे हात असेच
जाळी ओढून सोललेले.

मी व्हॅन हाकायचो.
पहिल्या बँडात चौघं, हीटर एक, तोही बंद.
लीड्स, ग्लासगो, एकदा हॅम्बुर्ग,
ड्रमरच्या बायकोची गारढोण सँडविचं.
दुसऱ्या बँडनं त्याला रेकॉर्डमध्ये घेतलं
आणि कव्हरवरच्या फोटोतून कापलं.
कोपर तेवढं राहिलं.
तो बोट ठेवून दाखवायचा: हा मी.

मग एकटा.
पोस्टरवर हातभर अक्षरांत स्वतःचं नाव बघून म्हणाला,
"आता भांडायचं कुणाशी?"

परवा मासळीबाजारामागच्या पबात
अकरा माणसं होती, बारावं कुत्रं.
करंगळी आता वाकत नाही त्याची.
तिसरी तार वर ढकलली त्यानं,
सुराच्या जरा अलीकडेच अडला
आणि तिथंच धरून राहिला,
आम्ही श्वास सोडावा की नाही, कळेना.
पूर्वी तो पोचायचा.

कुत्र्यानं मान उचलली.
मी खिशात व्हॅनची किल्ली चाचपली.
व्हॅन विकून वीस वर्षं झाली.