लोखंडाला वास नसतो

ऐनिक्की म्हणते, लोखंडाला वास नसतो.
किल्ली, नाणं, ट्रामचा दांडा,
यांना धरल्यावर हाताला जो राहतो
तो हाताचाच वास.
आपल्याच कातडीचं तेल,
लोखंडाला लागून बिघडलेलं.
हे ती असं सांगते
जशी कुणी घरातली जुनी भानगड सांगावी
भांडी विसळता विसळता.

तांपेरे. जानेवारी. दुपारी चारलाच अंधार.
जुन्या सूतगिरणीच्या तळघरात
तिचं दुकान, तिचा काटा, तिचे सदोतीस ड्रॉपर,
लेबलं चिकटवायला मी,
आणि भिंतीपलीकडे तालमीची खोली,
जिथे ओठावर जेमतेम मिशी आलेली पोरं
रोज चार ते आठ
अ‍ॅम्प्लिफायरच्या चिंध्या करतात.
थरथरीनं बाटल्या फळीच्या कडेशी सरकतात,
सकाळी ती त्यांना बोटानं मागे ढकलते.
तीन वर्षांत तिनं तक्रार एकदाच केली,
तीही ड्रमवाला लयीत मागे पडतो म्हणून.

त्या आवाजाचंच अत्तर करायचं ठरलं.
पहिलं जमलं ते जळक्या टायरचं.
दुसरं देवळातल्या धुपासारखं, फार शहाणं.
तिसऱ्यात रक्त आलं;
एका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं,
दुसरी म्हणाली, दात पडला होता तेव्हाची चव,
आणि दोनदा परत आली नुसती हुंगायला.
हवं होतं ते अखेर अळंबीत निघालं.
सप्टेंबरातल्या रानात, ओल्या शेवाळाखालची अळंबी
आणि किल्ली घट्ट धरलेली मूठ,
दोन्हीकडे तोच एक रेणू.
त्यात डांबर, बर्चची जळकी साल,
आणि गरम झालेल्या तारांवरची धूळ
(ती कशी केली, मला सांगत नाही).

बाटलीवर नाव नको, म्हणाली. फक्त आकडा.
ब्याऐंशी.
गिटारची सगळ्यांत जाड तार
सेकंदाला तेवढ्या वेळा कापते.
दीडशे लेबलं मी चिकटवली.

मग आला ओइवा, तिचा भाऊ.
वीस वर्षं गिटार वाजवली,
दोन कॅसेटी, एक मोडकी व्हॅन,
उजवा कान तिकडेच कुठेतरी राहिला.
आता ट्राम चालवतो.
लेबल बघून एवढा हसला की टोपी पडली.
"ब्याऐंशी? आम्ही कधी त्या सुरात वाजवलंय?
आमची तार कायम सैल. त्र्याहत्तर.
ब्याऐंशीवर लग्नातली पोरं वाजवतात."

तिनं कागदाची पट्टी पुढे केली.
त्यानं हुंगली. "कागद," म्हणाला.
मग मनगटावर एक थेंब.
"थांब जरा," ती म्हणाली, "कातडीवरच बोलतं ते."
थांबलो. नळ गळत होता.
त्यानं डावं मनगट नाकाशी नेलं,
बराच वेळ ठेवलं,
मग उजवा हात हुंगला,
ज्याला काहीच लावलं नव्हतं.
पुन्हा डावा. पुन्हा उजवा.
"सारखेच आहेत," म्हणाला.

ऐनिक्की काही बोलली नाही.
तीन वर्षं, सदोतीस ड्रॉपर, बँकेचं कर्ज,
आणि हे याच्या बोटांना फुकट लागलेलं,
आधी तारांनी, मग ट्रामच्या मुठीनं.
तिनं त्याचा उजवा हात ओढून घेतला,
डॉक्टरनं घ्यावा तसा,
आणि नाक खुपसलं तळव्यात,
लहानपणी कुत्र्याच्या पिल्लात खुपसायची म्हणे, तसं.
वर बघितलं तेव्हा डोळे लाल.
"अळंबी जास्त झाली माझ्यात," एवढंच म्हणाली.
वहीत काहीतरी खोडलं.

चार वाजले. भिंत सुरू झाली.
एक एक बाटली कडेकडे निघाली.
ओइवानं उजवा कान तिकडे केला,
मग स्वतःशीच हसून डावा.
टोपी उचलली, झटकली.
"ड्रमवाला," म्हणाला, "अजून मागेच आहे."

मी दीडशे लेबलं पाण्यात भिजत घातली.