घरगुती पदार्थ

नियमांचं एकच पान आलं, तेही झेरॉक्सची झेरॉक्स,
पाचव्या नियमाच्या दुसऱ्या ओळीवर
जाड काळी रेघ.
कटरे सरांनी ते फळ्यावर उतरवलं नाही.
म्हणाले, आधी वाचा, मग भांडा, मग माझ्याकडे या.

आम्ही भांडलो.
‘फुगा रासायनिक क्रियेनेच फुगावा.’ बरं.
‘परीघ चाळीस सेंटिमीटर, जवळात जवळचा जिंकेल.’ बरं.
‘उपकरणास एकदाच स्पर्श करता येईल.’
देवांगनानं विचारलं, फुंकर स्पर्शात येते का?
‘स्पर्शानंतर वीस सेकंदांच्या आत क्रिया सुरू होऊ नये.’
हे तिनं तीनदा वाचलं,
‘आत’वर बोट ठेवून, मग ‘नये’वर.
म्हणजे थांबायचं आहे, ती म्हणाली.
तोवर आम्ही आठवडाभर घाई करत होतो.

आणि पाचवा: ‘फक्त घरगुती पदार्थ. उदा. व्हिनेगर,’
पुढे रेघ.
कोणाच्या घरचं व्हिनेगर?
किराणावाल्यानं विचारलं, धानावर मारतात का ते?
साकोलीच्या चायनीजच्या गाडीवर एक बाटली होती,
त्यानं नुसता वास दिला.

समितीला पत्र टाकलं: लिंबू चालेल का?
उत्तर आलं, सही-शिक्क्यासह:
‘नियमात लिहिल्याप्रमाणे.’
सर दोन दिवस मधूनच हसायचे.

शेवटी लिंबंच. उईकेंच्या झाडाची, सहा.
खायचा सोडा भज्यांच्या गाडीवरून,
हिशेबानं चार ग्रॅम आणि वर जरासा.
एवढं बारीक तोलणारा काटा शाळेत नाही,
म्हणून बुधवारच्या बाजारात सोनकुसरे सोनाराकडे.
त्यानं पंखा बंद केला, चिमटीनं सोडा ठेवला,
काटा थांबेपर्यंत कोणाला बोलू दिलं नाही,
मग म्हणाला, घडणावळ कोण देईन?

उरले वीस सेकंद.
वर्तमानपत्राची पुडी सहात फुटली.
वहीचं पान अकरात.
तेंदूपान भिजलंच नाही,
बाटली समोर ठेवून आम्ही जेवून आलो.

आई बिड्या वळता वळता हे सगळं पाहत होती.
मांडीवरचं सूप न हलवता म्हणाली, आण इकडं.
बंडलावर लावायचा पातळ गुलाबी कागद,
दोन वेढे, नखानं दुमडलेलं तोंड,
दोऱ्याचा एकच फास.
बावीस सेकंद.
पुन्हा बावीस.
तिसऱ्या वेळी मीच उशिरा मोजायला लागले,
आई म्हणाली, तुह्यं घड्याळ पाह्य.

स्पर्धा डिसेंबरात. बोटं वाकत नव्हती.
परीक्षकांनी पुडी नाकाजवळ नेली.
हा बिडीचा दोरा ना? घरगुती कसा?
देवांगना माझ्या मागे सरकली.
मी म्हणाले, सर, आमच्या घरी हाच असते.
त्यांनी आपलं पान काढलं.
मूळ पान. रेघ नसलेलं.
मी उलटं वाचलं, त्यांच्या अंगठ्याच्या वरून:
‘किंवा स्थानिक उपलब्ध पर्याय.’

मी फुगा उभा केला. पुडी बाटलीत पडली. हात मागे.
थंडीत कागदही आळशी झाला,
सव्वीस, सत्तावीस,
मग खालून फेस, आणि फुगा
एखाद्यानं हाक मारल्यासारखा मान वर करून.
अडतीस पूर्णांक सहा.
पवनीच्या पोरांचा एकोणचाळीस पूर्णांक दोन.

बसमध्ये फुगा माझ्या मांडीवर.
घरी आल्यावर नानूनं तो वर फेकला,
तो सरळ खाली आला, शेणानं सारवलेल्या जमिनीवर.
उडत काऊन नाही?
जड हवा आहे, सांगितलं. लिंबाची आन् सोड्याची.
त्यानं दोन्ही हातांनी उचलून अंदाज घेतला
आणि बिडीच्या सुपात नेऊन ठेवला,
आईनं पानं थोडी बाजूला केली.